अंकीय वाद्यांची रचना व आयुर्मान

अंकीय वाद्य किंवा डिजिटल वाद्य म्हणजे ज्याचा नाद तार, चामडे किंवा हवेचा स्तंभ यांच्या प्रत्यक्ष कंपनातून न निघता संगणकीय गणनेतून निर्माण होतो असे वाद्य. वादकाची हालचाल संवेदक टिपतात, तिचे अंकांत रूपांतर होते, त्या अंकांवरून ध्वनितरंगाचे आकडे काढले जातात आणि शेवटी ते आकडे स्पीकरमधून ऐकू येतात. तंबोऱ्याची तार छेडली असता बोट आणि नाद यांचा संबंध निसर्गनियमाने ठरलेला असतो. अंकीय वाद्यात तो संबंध रचनाकाराला स्वतः ठरवावा लागतो. त्यामुळे या वाद्यांच्या रचनेत मोठे स्वातंत्र्य आले, आणि त्यांच्या अल्पायुष्याचे एक प्रमुख कारणही याच ठिकाणी आढळते.

चांगल्या प्रतीचा तंबोरा, व्हायोलिन किंवा बासरी अनेक दशके, क्वचित पिढ्यानुपिढ्या वाजवली जाते. अंकीय वाद्ये मात्र बहुधा काही वर्षांतच निरुपयोगी होतात किंवा बाजूला पडतात. मोजकीच वाद्ये याला अपवाद ठरली असून ती का टिकली, हा या विषयाच्या अभ्यासातील महत्त्वाचा प्रश्न आहे.

इतिहास

संगणकाच्या साहाय्याने संगीतनिर्मितीतील एक महत्त्वाचा टप्पा १९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गाठला गेला. मॅक्स मॅथ्यूज यांनी लिहिलेल्या ‘म्युझिक’ या आज्ञावलीने आयबीएम ७०४ या संगणकावर न्यूमन गटमन यांची सतरा सेकंदांची एक छोटी रचना तयार केली. ही गणना इतकी संथ होती की वादन आणि श्रवण एकाच वेळी घडणे शक्य नव्हते. त्यामुळे त्या संगणकाला रूढ अर्थाने वाद्य म्हणता येत नाही.

वाजवता येईल अशी अंकीय वाद्ये १९७० च्या दशकात आली. अमेरिकेतील व्हर्मांट येथील न्यू इंग्लंड डिजिटल या संस्थेचे सिंक्लाव्हियर आणि ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे पीटर व्होगेल व किम रायरी यांनी १९७९ मध्ये सिद्ध केलेले फेअरलाइट सीएमआय ही त्यांतील ठळक उदाहरणे होत. फेअरलाइटमध्ये बाहेरचा कोणताही ध्वनी नोंदवून तो पट्ट्यांवर वेगवेगळ्या स्वरांत वाजवता येई. त्यासाठी आठ इंची फ्लॉपी तबकड्या आणि पडद्यावर रेघा ओढण्यासाठी प्रकाशलेखणी वापरली जात असे. दोन्ही वाद्ये इतकी महाग होती की ती प्रामुख्याने मोठे ध्वनिमुद्रणगृह, विद्यापीठ किंवा यशस्वी कलावंत यांच्याकडेच दिसत.

१९८३ हे वर्ष दोन कारणांनी निर्णायक ठरले. त्या वर्षी यामाहाचे डीएक्स७ बाजारात आले आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांना जोडणारी ‘मिडी’ ही प्रणाली जाहीरपणे दाखवली गेली.

रचनेची अंगे

अंकीय वाद्याचे स्थूलमानाने तीन भाग पडतात: वादक ज्याला स्पर्श करतो तो भाग, नाद निर्माण करणारा भाग आणि या दोहोंना जोडणारा नियम. तिसऱ्या भागाला संगणकशास्त्रात मॅपिंग म्हणतात. पट्टी किती वेगाने दाबली असता आवाज किती मोठा व्हावा, हात वर नेला असता स्वर चढावा की नादाचा पोत बदलावा, हे सारे मॅपिंग ठरवते. वरवर पाहता हा किरकोळ तांत्रिक तपशील वाटतो. परंतु वाद्याला ‘स्वभाव’ येतो तो येथूनच.

या बाबतीत इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठात अँडी हंट यांनी केलेले प्रयोग पुढील संशोधनात वारंवार उल्लेखिले गेले. एकाच ध्वनियंत्रणेला त्यांनी निरनिराळ्या रीतींनी नियंत्रित करायला लावले. काही रीतींत एका सरकपट्टीने एकच गुण बदले: एकीने स्वर, दुसरीने आवाजाची पातळी, असे. दुसऱ्या एका रीतीत अनेक हालचाली मिळून अनेक गुण एकदम बदलत. ही गुंतागुंतीची रीत आरंभी सर्वांना अवघड वाटली. मात्र काही सत्रांनंतर लोकांची प्रगती तिच्यावरच अधिक झाली आणि ती वाजवण्यात त्यांना अधिक गोडीही वाटली. व्हायोलिनवर गजाचा वेग, दाब आणि जागा यांपैकी कोणतीही एक गोष्ट एकट्याने बदलत नाही, हे लक्षात घेतले तर या निष्कर्षाचे आश्चर्य वाटत नाही. वापरायला सोपे ते वाद्य चांगले, ही समजूत यंत्रांच्या बाबतीत ठीक असली तरी वाद्यांच्या बाबतीत अपुरी ठरते. शिकण्यासारखे काही शिल्लकच नसेल तर वादक त्या वाद्याकडे परत येत नाही.

दुसरी महत्त्वाची बाब विलंबाची. हालचाल आणि नाद यांच्यामध्ये गणनेसाठी काही काळ जातो. बर्कली येथील संशोधक डेव्हिड वेसल आणि मॅथ्यू राइट यांनी हा विलंब दहा मिलिसेकंदांच्या आत असावा आणि त्यातील कमी-अधिकपणा एक मिलिसेकंदाहून जास्त नसावा, असे सुचवले. येथे दुसरा आकडा विशेष महत्त्वाचा आहे. ठरावीक विलंबाची हाताला सवय होऊ शकते; दर वेळी बदलणाऱ्या विलंबाची होत नाही. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील अँड्र्यू मॅकफर्सन यांच्या गटाने विकसित केलेला ‘बेला’ हा छोटा संगणक मुख्यत्वे या अडचणीवर उपाय म्हणून तयार झाला. त्यातील विलंब एक मिलिसेकंदापर्यंत खाली आणता येतो.

वाद्य वारंवार बदलता येणे हा गुण की दोष, याविषयी मतभेद आहेत. पेरी कुक यांनी २००१ साली मांडलेल्या रचनातत्त्वांत या बदलक्षमतेला शाप म्हटले आहे. दर महिन्याला ज्याचे नियम बदलतात अशा वाद्यावर रियाज होऊ शकत नाही, असा त्यामागील अर्थ. आपल्याकडील वादकाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. सतारीचे पडदे थोडेसे सरकवले तरी हात काही दिवस चुकतो. येथे तर संपूर्ण वाद्यच एका रात्रीत बदलू शकते.

अल्पायुष्याची कारणे

वाद्याच्या शरीराचा विचार केला तर त्यातील बहुतेक झीज सामान्य स्वरूपाची असते. पट्ट्यांखालचे विद्युत्वाहक रबर कडक होते, विद्युत्पुरवठ्यातील कपॅसिटर सुकतात, दर्शकपटाचा प्रकाश मंदावतो, फोमचे तुकडे पडतात. या गोष्टी कुशल कारागीर दुरुस्त करू शकतो. खरी अडचण येते ती एकाच कंपनीने स्वतःपुरत्या बनवलेल्या चिपची. तिचे उत्पादन थांबले की नवी चिप मिळण्याचा मार्ग बंद होतो आणि एका बंद पडलेल्या वाद्यातून काढून ती दुसऱ्यात बसवावी लागते.

तंबोऱ्याचा भोपळा फुटला तर मिरजेचा कारागीर तो बदलून देतो. त्याला मूळ बनवणाऱ्याच्या परवानगीची किंवा नकाशाची गरज भासत नाही, कारण वाद्य कसे वाजते हे ते उघडून पाहिले की कळते. अंकीय वाद्य उघडून पाहिले तर केवळ काळ्या चिपा दिसतात; नादाचे ज्ञान त्यांच्या आत लिहिलेले असते.

आज्ञावलीचे आयुष्य शरीरापेक्षाही कमी असते. ज्या वाद्यांचा नाद बाहेरच्या संगणकावर तयार होतो, त्यांना त्या संगणकाच्या कार्यप्रणालीबरोबर फरफटत जावे लागते. ॲपलने २०१७ मध्ये भ्रमणध्वनीवरील आणि २०१९ मध्ये आपल्या संगणकांवरील जुन्या ३२-बिट आज्ञावल्यांचा आधार काढून घेतला. ज्यांच्या रचनाकारांनी नवी आवृत्ती काढली नाही, अशी अनेक संगीतविषयक ॲप नव्या यंत्रांवर चालेनाशी झाली. त्यांत कोणताही भाग तुटला नव्हता. स्कझी, फायरवायर आदी जोडण्या नव्या संगणकांतून नाहीशा झाल्यामुळेही अनेक उपकरणे अशीच अडगळीत गेली.

उत्पादक संस्था बंद पडणे हेही एक कारण आहे. न्यू इंग्लंड डिजिटल १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बंद झाल्यावर सिंक्लाव्हियरच्या मालकांना सुटे भाग आणि दुरुस्ती यांसाठी जुन्या तंत्रज्ञांवर अवलंबून राहावे लागले.

एक उदाहरण: डीएक्स७

डीएक्स७ मधील नादनिर्मितीचे मूळ १९६७ मधील एका निरीक्षणात आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगीतकार जॉन चौनिंग संगणकावर स्वराला आंदोलन देण्याचे प्रयोग करत होते. आंदोलनाचा वेग वाढवत नेला असता एका मर्यादेनंतर कानाला स्वर हलताना जाणवत नाही. त्याऐवजी नादाचा पोतच बदललेला ऐकू येतो. दोन साध्या तरंगांतून घंटेसारखे किंवा पितळी वाद्यासारखे गुंतागुंतीचे नाद मिळू शकतात, हे यातून स्पष्ट झाले. हे तंत्र एफएम संश्लेषण म्हणून ओळखले जाते. चौनिंग यांनी ते १९७३ मध्ये प्रसिद्ध केले आणि विद्यापीठाने त्याचे हक्क यामाहाला वापरण्यासाठी दिले. या एकस्वाने विद्यापीठाला पुढे मोठे उत्पन्न मिळवून दिले.

डीएक्स७ ला ६१ पट्ट्या होत्या. एका वेळी १६ स्वर वाजवता येत आणि प्रत्येक स्वर सहा तरंगजनकांच्या ३२ प्रकारच्या मांडण्यांपैकी एकीतून तयार होई. दीड लाखांहून अधिक नग खपलेले हे वाद्य १९८० च्या दशकातील लोकप्रिय संगीतात सर्वत्र ऐकू येते; विशेषतः त्यातील विद्युत्पियानोचा काचेसारखा नाद त्या काळाची खूण मानला जातो.

रचनेच्या दृष्टीने मात्र ते आदर्श नव्हते. खर्च वाचवण्यासाठी फिरवण्याच्या गुंड्या जवळजवळ काढून टाकल्या होत्या. त्यांच्या जागी सपाट दाबकळा, दोन ओळींचा छोटा दर्शकपट आणि माहिती भरण्यासाठी एकच सरकपट्टी होती. नवा नाद घडवायचा तर शंभरावर संख्या एकामागून एक बदलाव्या लागत. ब्रायन ईनोसारखे काही थोडे कलावंत यात तरबेज झाले. बहुसंख्य वादकांनी कारखान्यातून भरून आलेले नादच वापरले. एकाच वाद्याचे इतके नग असूनही त्या काळातील गाणी एकसारखी का वाटतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी या दाबकळांत आहे.

वाद्यातील नाद जपून ठेवण्यासाठी आत एक लिथियम बॅटरी असे. ती डाख देऊन बसवलेली होती. म्हणजे ती संपल्यावर वादकाला वाद्य उघडून जुना डाख वितळवावा लागे आणि तत्पूर्वी नाद दुसरीकडे उतरवले नसतील तर ते पुसले जात. ही बॅटरी बदलण्याजोगी खोबणीत बसवायला फारसा खर्च आला नसता. काही वर्षांनंतर कोणीतरी हे वाद्य उघडेल, ही कल्पना रचनाकारांपुढे नसावी, असे अनुमान यावरून निघते.

असे असूनही डीएक्स७ चा नाद आज जिवंत आहे. एका नादाची संपूर्ण कृती अवघ्या १२८ बाइटांत मावते; ३२ नादांचा संच ४,०९६ बाइटांत. यामाहाने या माहितीचे स्वरूप वाद्याच्या पुस्तिकेत छापले होते आणि ती मिडीच्या तारेतून बाहेर काढता येत असे. हजारो वादकांनी आपले नाद अशा रीतीने साठवले. पुढे मूळ चिपांची गणना हुबेहूब करणाऱ्या आज्ञावल्या तयार झाल्या. ‘डेक्स्ड’ ही त्यांतील एक मुक्तस्रोत आज्ञावली विनामूल्य उपलब्ध आहे. १९८० च्या दशकात कोणी घडवलेला नाद तिच्यात भरला तर तो आजही वाजतो. वाद्याचे शरीर जीर्ण झाले असले तरी त्याची विद्या हस्तांतरित झाली, कारण ती लहान होती आणि लिहून ठेवलेली होती. हाताखालच्या पट्ट्यांचा स्पर्श मात्र अर्थातच आज्ञावलीत उतरलेला नाही.

मिडीचे दीर्घायुष्य

१९८३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील एका प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचे प्रॉफेट-६०० आणि रोलँडचे ज्युपिटर-६ ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखवण्यात आली. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी हे या प्रयत्नामागचे प्रमुख. मिडीची गती सेकंदाला केवळ ३१,२५० बिट, बहुतेक मूल्यांना १२८ पायऱ्या आणि एका तारेवर १६ वाहिन्या. त्या काळीही काही जणांना हे अपुरे वाटले होते. तथापि ही प्रणाली स्वस्त होती, तिच्या वापरासाठी शुल्क नव्हते आणि ती कोणत्याही एका कंपनीच्या मालकीची नव्हती. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीचे वाद्य आजच्या संगणकाला जोडता येते, ही संगणकयुगातील दुर्मीळ गोष्ट शक्य झाली. २०२० मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली तीही जुन्या वाद्यांशी सुसंगत राखण्यात आली. स्मिथ व काकेहाशी यांना २०१३ मध्ये यासाठी तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

एका वादकाची वाद्ये

कारखान्यात न बनता संशोधक किंवा कलावंत स्वतःपुरते बनवतात, अशा अंकीय वाद्यांचा एक मोठा वर्ग आहे. या क्षेत्रातील संशोधकांची ‘नाइम’ ही परिषद २००१ मधील सिअ‍ॅटल येथील कार्यशाळेतून सुरू झाली. तेव्हापासून तेथे दरवर्षी अनेक नवी वाद्ये सादर होतात. फाब्रित्सिओ मोरेआले आणि अँड्र्यू मॅकफर्सन यांनी २०१० ते २०१४ या काळात सादर झालेल्या वाद्यांचे पुढे काय झाले, याची त्यांच्या रचनाकारांकडे चौकशी केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार बरीच वाद्ये क्वचितच वाजवली जात होती. काहींचा उद्देशच एखादी कल्पना तपासून पाहण्यापुरता होता; त्यांच्या बाबतीत याला अपयश म्हणणे योग्य होणार नाही. परंतु दीर्घकाळ वाजवण्यासाठी म्हणून बनवलेली वाद्येही अनेकदा त्याच वाटेने जातात.

याला सर्वांत ठळक अपवाद म्हणजे मिशेल वाइस्विस यांचे ‘द हँड्स’. ॲम्स्टरडॅम येथील स्टाइम या संस्थेत १९८४ मध्ये तयार झालेले हे वाद्य दोन्ही हातांवर बांधले जाई. बोटांखाली कळा, मनगटाचा कल ओळखणारे संवेदक आणि दोन हातांमधील अंतर मोजणारी श्राव्यातीत ध्वनीची यंत्रणा त्यात होती. वाइस्विस यांनी ते २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत, म्हणजे सुमारे चोवीस वर्षे वाजवले. सतत सुधारणा करण्याचा मोह आवरून वाद्य दीर्घकाळ स्थिर ठेवायचे आणि त्यावर केवळ रियाज करायचा, असे त्यांचे धोरण होते. मात्र त्या वाद्याची कीर्ती आजही एकाच नावाशी जोडलेली आहे.

लेटिशिया सोनामी यांच्या ‘लेडीज ग्लोव्ह’ या हातमोज्याची कथाही अशीच. १९९१ मध्ये स्वयंपाकघरातील रबरी हातमोज्यांना चुंबक लावून त्यांनी सुरुवात केली आणि त्याच्या अधिकाधिक सूक्ष्म आवृत्त्या बनवत दोन दशकांहून अधिक काळ त्यावर सादरीकरण केले. नंतर त्यांनी तो बाजूला ठेवून स्प्रिंगांवर आधारलेले वेगळे वाद्य घेतले.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००६ पासून विकसित होत असलेली ‘टी-स्टिक’ याहून निराळी आहे. संवेदक बसवलेल्या प्लास्टिकच्या नळीसारखे हे वाद्य जोसेफ मॅलक या अभियंत्याने आणि डी. अँड्र्यू स्ट्यूअर्ट या संगीतकाराने मिळून घडवले. त्याचे अनेक नग बनवले गेले, एकाहून अधिक वादक ते शिकले आणि त्याच्यासाठी स्वतंत्र रचना लिहिल्या गेल्या. वाद्य टिकण्यासाठी त्याच्याभोवती वादक, रचना आणि शिकवणारे लोक जमावे लागतात, हे म्हणणे येथे प्रत्यक्ष उदाहरणाने सिद्ध होते. तंत्रज्ञान जुने झाल्यावर आतील परिपथ बदलले गेले, तरी वाजवण्याची रीत तीच ठेवली गेली.

संगीतरचनांचे जतन

वाद्य बंद पडले की त्याच्यासाठी लिहिलेले संगीतही मुके होते, ही या प्रश्नाची गंभीर बाजू. फिलिप मनूरी यांनी बासरी आणि संगणक यांच्यासाठी लिहिलेली ‘ज्युपिटर’ ही १९८७ ची रचना पॅरिसमधील इरकाम या संस्थेच्या ‘४एक्स’ नावाच्या यंत्रासाठी होती. यंत्र कालबाह्य झाल्यावर तिचा संगणकीय भाग नव्या यंत्रांवर पुन्हा लिहावा लागला. मिलर पकेट यांनी आपल्या ‘प्युअर डेटा’ या मुक्तस्रोत आज्ञावलीत अशा काही रचना नव्याने मांडण्याचा प्रकल्प हाती घेतला. प्रत्येक पुनर्लेखनात मूळ नादाला किती जवळ राहायचे, हा निर्णय कोणाला तरी घ्यावा लागतो. पाश्चात्त्य स्वरलिपीत छापलेला बासरीचा भाग मात्र जसाच्या तसा वाजवता येतो.

भारतीय संगीताशी संबंध

भारतात इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा सर्वाधिक प्रसार साथीच्या वाद्यांच्या रूपाने झाला. बंगळुरूचे अभियंते व बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. आरंभीची यंत्रे सर्किटांतून तंबोऱ्यासारखा नाद निर्माण करीत. पुढे प्रत्यक्ष तंबोऱ्याच्या नोंदवलेल्या ध्वनीवर चालणारी अंकीय यंत्रे आली आणि त्यानंतर भ्रमणध्वनीवरील ॲप. जवारीचा सूक्ष्म खुलेपणा यंत्रात तितकासा उतरत नाही, अशी गायकांची तक्रार जुनी आहे. परंतु साथीदार नसताना पहाटे एकट्याने रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याची मोठी सोय या पेटीने केली, हे नाकारता येत नाही. जुन्या पेट्यांना गुंड्या होत्या आणि त्या कार्यप्रणालीच्या आवृत्तीवर अवलंबून नसत. त्यामुळे अनेक घरांत ॲप बदलत गेली, तरी पेटी मात्र चालू राहिली.

मुख्य गायन-वादनात मात्र पट्ट्यांच्या अंकीय वाद्यांना फारसा शिरकाव झाला नाही. मिडीने प्रत्येक पट्टीला एक क्रमांक दिला आणि सप्तकाचे बारा भाग गृहीत धरले. स्वर वाकवण्याची सोय होती, पण ती संपूर्ण वाहिनीला लागू होई. एक स्वर स्थिर ठेवून दुसऱ्यावर मींड घेणे जमत नसे. हार्मोनियमवर हाच आक्षेप घेतला गेला होता आणि आकाशवाणीने १९४० पासून तिच्यावर घातलेली बंदी १९७१ मध्ये शिथिल होईपर्यंत तीन दशके टिकली होती. प्रत्येक स्वराला स्वतंत्र वाहिनी देणारी एमपीई ही मिडीची पुरवणी २०१८ च्या सुमारास अधिकृत झाली. तिच्यामुळे बोट पट्टीवर सरकवून एकेका स्वराला वेगळे वळण देणे शक्य झाले आहे.

मुंबईतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडचे ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही यंत्रे वापरून दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. या यंत्रांचा नाद अ‍ॅनालॉग असला तरी त्यांचे स्वरक्रम अंकीय स्मृतीत साठवले जात. टीबी-३०३ हे गिटारवादकांना खर्जाची साथ देण्यासाठी बनवलेले यंत्र अपयशी ठरून १९८४ मध्ये बंद झाले. पुढे शिकागोतील तरुणांनी त्याचे जुने नग स्वस्तात घेऊन त्यातून ‘ॲसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार घडवला. सिंग यांची ध्वनिमुद्रिका त्याआधीची असून प्रकाशनाच्या वेळी ती दुर्लक्षित राहिली. २०१० मध्ये तिचे पुनर्प्रकाशन झाल्यावर ती जगभर ऐकली गेली आणि उतारवयात सिंग यांनी परदेशांत तिचे प्रत्यक्ष कार्यक्रमही केले.